पुढची खोली आणि अण्णांची सही

मी, श्रीमती प्रमोदिनी भालचंद्र टिपणीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार दहिवली, कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप करून घेऊ, नीट दिसेल, असे वकीलबाई म्हणाल्या. मी नको म्हटले. खालापूरच्या पंचायत समितीत लिपिक म्हणून मी नोकरीभर दुसऱ्यांचे कागद लिहिले. हा एक माझा आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, झोप कमी झाली आहे. पण आपण काय लिहितो आहोत ते मला समजते. माझ्यावर कुणी जोर केलेला नाही. केला असता तर मी लिहायला बसले नसते.

याच वर्षी मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते मी स्वतः फाडले. त्याची प्रत कुणाकडे निघाल्यास ती रद्द समजावी.

माझे यजमान भालचंद्र टिपणीस, ज्यांना सगळे अण्णा किंवा सर म्हणत, गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारले. ते खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. आम्हाला दोन मुले आहेत. अनुपम पुण्याला असतो, सई बदलापूरला. दोघांनीही आम्हाला कधी त्रास दिलेला नाही. वाद एकाच गोष्टीचा आहे, आणि तो घराच्या पुढच्या खोलीचा आहे. सोप्या गोष्टी आधी उरकते, म्हणजे त्याकडे शांतपणे वळता येईल.

कलम १. बँकेतल्या व पोस्टातल्या माझ्या सर्व ठेवी अनुपम आणि सई यांनी सारख्या वाटून घ्याव्यात. नामनिर्देशन दोघांचे केलेले आहे. पेन्शन माझ्याबरोबर बंद होईल, ती कळवायला उशीर करू नये. उशीर झाला की वसुली लागते आणि ती निस्तरायला कुणीतरी बिचारा लिपिक रखडतो.

कलम २. माझ्या पाटल्या सईला. मंगळसूत्र आणि मोत्यांची कुडी अनुपमच्या पत्नीला. ती हे वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. मोडले तरी मला वाईट वाटायचे कारण नाही, मी बघायला नसेन. तांब्याचा बंब आणि पितळी डबे ज्याला हवे त्याने न्यावेत. कुणालाच नको असतील तर भांडण न होता निर्णय झाला असे समजावे.

कलम ३. दहिवलीचे राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. जागा माझ्या वडिलांनी दिली, बांधकाम माझ्या पगारावरच्या कर्जातून झाले. अण्णांचा पगारही याच घरात मुरला, म्हणून मी नेहमी "नावापुरतं माझं" असेच म्हणत आले. आता ते कायद्यानेही माझेच आहे हे सांगण्याची वेळ आली आहे. मधली खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि परस हे अनुपम व सई यांना निम्मे निम्मे. राहावे, भाड्याने द्यावे, एकमेकांना विकावे. पुढची खोली, ओटी आणि समोरचे अंगण यात येत नाहीत. त्याबद्दल कलम ८ मध्ये लिहिले आहे.

कलम ४. अण्णांची सर्व पुस्तके कपाटांसहित वाचनालय समितीला द्यावीत. समितीचे अध्यक्ष जगदीश हे अण्णांचे विद्यार्थी आहेत. पुस्तकांना ते जपतील याची मला खात्री आहे. कपाटांवर अण्णांचे नाव घालायचे असेल तर जरूर घालावे. मी ती पुस्तके वाचलेली नाहीत. मी कथा-कादंबऱ्या वाचणारी बाई नव्हते. मी परिपत्रके वाचत असे आणि वाचून झाले की कोपऱ्यात बारीक सही करत असे. ती सही म्हणजे हे मी वाचले, आता याची जबाबदारी माझ्यावर, असा अर्थ होता. वाचणे या गोष्टीशी माझे नाते एवढेच होते. अण्णांचे वेगळे होते.

कलम ५. दिवा लावलेले मोठे भिंग अनुपमने अण्णांसाठी पुण्याहून आणले होते. ते अनुपमला परत द्यावे. वस्तू चांगली आहे. तिचा उपयोग झाला नाही यात तिचा दोष नव्हता आणि अनुपमचाही नव्हता. अण्णांच्या डोळ्यांना काही झालेलेच नव्हते. अनुपमला आणि सईला हे मी इथे पहिल्यांदा सांगत आहे. दोघांनी थोडे थांबून पुढचे कलम वाचावे.

कलम ६. सन २०१७ मध्ये दसऱ्याच्या आसपास अण्णांना सौम्य झटका आला, हे घरात सर्वांना माहीत आहे. झटका आल्याचे आम्हाला कळले ते असे. सकाळी त्यांनी पेपर उघडला आणि मला हाक मारून विचारले, "गजाने आज कुठल्या भाषेतला पेपर टाकलाय?" मी पाहिला. रोजचाच पेपर होता, मराठी. मी तसे सांगितले तर ते माझ्यावरच चिडले. गजाला फोन करूनही रागावले. गजा बिचारा दुसरा पेपर घेऊन आला, तोही त्यांना परका वाटला. मग त्यांनी दोन्ही पेपर घडी करून बाजूला ठेवले. हात-पाय नीट चालत होते, बोलणे नीट होते, चहा त्यांनी स्वतः गाळून घेतला.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना स्वतःचे नाव लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले, त्यांच्या त्याच वळणदार अक्षरात, जे तालुक्यातल्या मास्तरांना ओळखता येत असे. डॉक्टरांनी इकडचे तिकडचे विचारले आणि थोड्या वेळाने तोच कागद त्यांच्यापुढे धरून हे काय लिहिले आहे असे विचारले. अण्णांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "कुणाचं तरी अक्षर चांगलं आहे."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावून सांगितले. डोळे चांगले आहेत, हात चांगला आहे, बुद्धी चांगली आहे. अक्षर बघून त्याचा अर्थ लागण्याची जी वाट मेंदूत असते तेवढी बंद झाली आहे. लिहिता येईल, पण लिहिलेले वाचता येणार नाही. काही जणांना पुन्हा थोडे जमू लागते. अण्णांना जमले नाही. त्यांनी प्रयत्न केला. दार लावून पहिलीचे पुस्तक समोर ठेवून बसत. एक दिवस ते पुस्तक त्यांनी कपाटाच्या मागे टाकले, मी ते काढले नाही.

पनवेलहून परत येताना गाडीत ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस." मी विचारले, मुलांनाही नाही? म्हणाले, "मुलांना तर नकोच." मी बरे म्हटले. तेव्हापासून घरात आणि बाहेर डोळ्यांचा त्रास हेच कारण चालले.

त्यांना हे एवढे का लागले ते त्यांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको. नव्या माणसाला ते नावाच्या आधी शिक्षण विचारत. साक्षरतेच्या मोहिमेत त्यांनी स्वतःच्या खर्चाने पाट्या-पेन्सिली वाटल्या, पळसदरीपासून घाटातल्या वाड्यांपर्यंत पायी फिरले. पण ज्याला वाचता येत नाही त्याने मनावर घेतले नाही, असेच त्यांचे मत होते. पोस्टात, बँकेत कुणी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे आला की आधी म्हणत, "वाचता येत नाही का?" मग फॉर्म भरून देत. फॉर्म नेहमी भरून दिला, पण आधी ते एक वाक्य ऐकवल्याशिवाय दिला नाही. दारावर मोहिमेतली पत्र्याची पट्टी आहे, "हे घर साक्षर आहे." ती माझ्यानंतर काढावी. घर चुन्याविटांचे आहे.

ठमी हिरू शिंगवा ही आमच्याकडे कामाला येते. ती ठाकुरवाडीची, गाडीने कर्जतला उतरते. तिचा नवरा हिरू वारला, मुलगा-सून तिकडे आहेत. तिला अण्णांनी फार छळले. चहाच्या आधी पाटीवर पाच अक्षरे काढायची, असा नियम केला. ती एक हंगामभर दुसऱ्यांकडे कामाला गेली. परत आली तेव्हा मी विचारले तर म्हणाली, "तिकडं चहात साखर नाय घालीत." अक्षरे तिने शेवटपर्यंत काढली नाहीत आणि साखरही कमी घेतली नाही.

आजारानंतर मी दुपारी चारच्या चहाला अण्णांना पेपर वाचून दाखवू लागले. दार लावून, हळू आवाजात. ठमी केर काढता काढता उंबऱ्यावर टेकायची आणि मध्येच "म्हंजी काय?" करायची. पूर्वी अशा प्रश्नाला अण्णांनी पाटी आणली असती. आता ते समजावून सांगत. तेही मध्येच म्हणत, ते परत वाच. एकदा त्यांनी असेच परत वाचायला सांगितले आणि ठमी म्हणाली, "सर, तुमी बी आता आमच्यातलंच झालं की."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. तिला कुणी सांगितले नव्हते. नंतर विचारले तेव्हा म्हणाली, भिंग फिरतंय पन डोळं फिरत नाय, मला पयल्या हप्त्यातच कळलं. त्या दिवशी मात्र मला वाटले, आता अण्णा हिला पुन्हा घरात येऊ देणार नाहीत. अण्णांनी तिच्याकडे पाहिले आणि ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "प्रमोदिनी, दार उघड. उकडतंय."

दार उघडल्यावर ते पुन्हा लागले नाही. ठमीने आधी तिच्या वाडीतल्या एकीला आणले, वनजमिनीच्या दाव्याचा कागद घेऊन. मग कुणी दवाखान्याचे रिपोर्ट आणले, कुणी विजेचे बिल, कुणी शाळेकडून फोनवर आलेला संदेश. शेजारचे अब्बासभाई झेरॉक्सचे दुकान चालवतात. त्यांच्याकडे प्रती काढायला येणारी माणसे हळूच विचारत, यात काय लिवलंय? गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यांना सांगायला वेळ नसे. ते म्हणत, बाजूला जा, चार वाजता काकू वाचून दाखवतात. अशी ओटी भरू लागली. मी वाचायची, अण्णा खुर्चीत बसून समजावून सांगायचे. कायदेकानू त्यांना माझ्याहून जास्त माहीत होते. "वाचता येत नाही का" हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकले नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात ती दुपारची वेळ मला सर्वांत बरी वाटली, हे मी लिहून ठेवते. अण्णांना तसे सांगितले नव्हते.

कलम ७. आता सहीबद्दल.

सन २०२१ च्या दिवाळीनंतर मी हयातीच्या दाखल्यासाठी खालापूरला गेले होते. मागे जगदीश आणि समितीचे दोघे जण घरी आले. सरांच्या नावाने वाचनालय काढायचे, त्यासाठी घराची पुढची बाजू द्यावी, असा त्यांचा विचार होता. विचार चांगलाच होता. त्यांनी कागद तयार करून आणला होता. पुढचे ठमीने मला सांगितले ते असे. जगदीश म्हणाला, सर, एकदा नजरेखालून घाला. अण्णांनी कागद घेतला. वाचायला लागतो तेवढा वेळ समोर धरला, पान उलटले, दुसरेही पान तेवढाच वेळ धरले आणि पेन मागितले. ठमी तिथे पुसत होती. ती म्हणाली, "काकू येऊ द्या, वाचून दाव्तील." अण्णा म्हणाले, "मी वाचलंय."

आणि सही केली.

ठमी स्वतः कुठल्याही कागदावर अंगठा देण्याआधी तो मोठ्याने वाचून घेते. समोरच्याच्या तोंडावर विश्वास नसेल तर दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेते. रेशन दुकानदार तिला कंटाळलेला आहे. अण्णांच्या हातून झाली ती चूक ठमीच्या हातून होऊच शकली नसती. ती व्हायला मुख्याध्यापक असावे लागते.

मी संध्याकाळी आले. समितीवाले अण्णांच्या हातात एक प्रत ठेवून गेले होते. अण्णांनी ती माझ्याकडे दिली आणि म्हणाले, वाच. मी वाचली. पुढची खोली, ओटी आणि अंगण वाचनालयाला कायमचे वापरायला द्यायचे. वाचनालयात शांतता राहावी म्हणून ओटीवर बाहेरच्या लोकांचे बसणे बंद करायचे. वेळेखेरीज दाराला समितीचे कुलूप. अण्णा ऐकत होते. त्यांना वाटले होते की खोलीत दोन कपाटे ठेवण्याबद्दल असेल.

मी म्हटले, उद्या जगदीशला बोलवा आणि कागद परत मागा, तो देईल.

ते म्हणाले, "काय सांगून मागू?"

 न वाचता सही केली असे सांगावे, तर का नाही वाचले हा पुढचा प्रश्न येणार. त्यांनी तो कागद परत मागितला नाही. करोनाचे दिवस सरलेले नव्हते, समितीकडे पैसे नव्हते, त्यामुळे काम लांबले आणि चारचे वाचन चालू राहिले. पण त्यानंतर ओटीवर माणसे बसली की अण्णा बोलता बोलता थांबून दाराच्या कडीकडे बघत. मला कळत असे कशाने.

जगदीशने फसवले असे माझे म्हणणे नाही. त्याने कागद वाचायला दिला होता. आपले सर वाचू शकत नाहीत हे त्याच्या स्वप्नातही आले नसते. अण्णांच्या शोकसभेत त्याने तो कागद सर्वांना दाखवला आणि अनुपमने उभे राहून सांगितले की बाबांची शेवटची इच्छा आम्ही पूर्ण करू. तोही मनापासून बोलला. माझ्या शेजारी सई रडत होती. मी खाली बघून बसले होते.

वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे घर माझे असल्यामुळे त्या सहीने काहीही होत नाही. नोंदणी नाही, माझी संमती नाही. कायद्याचा प्रश्न तिथेच मिटला. पण अनुपमने फोनवर विचारले, "आई, बाबांचा शब्द तू मोडणार?" हा काही कायद्याचा प्रश्न नाही.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. सही पाळायची आणि ओटी बंद करायची. किंवा खोली देणार नाही एवढेच लिहायचे, कारण द्यायचे नाही, आणि नवऱ्याचा शब्द मोडणारी बाई ठरायचे. किंवा खरे सांगायचे आणि अण्णांना दिलेला शब्द मोडायचा. मी दुसरी वाट धरली. मेल्यावर कोण काय म्हणते याचे मला फार वाटत नाही. पहिले मृत्युपत्र तसेच लिहिले होते.

त्यावर साक्षीदार म्हणून मी अब्बासभाई आणि ठमी यांना बोलावले. साक्षीदाराला मजकूर माहीत असायलाच हवा असे नाही. पण ठमीने अंगठ्याला शाई लावू दिली नाही, आधी वाचा म्हणाली. मी सगळे वाचले. ती मिश्री लावत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्यात सरांचं नाय लिवलं."

मी म्हटले, काय लिहायचं?

"त्यांना वाचता येत नव्हतं त्ये."

मी तिला सांगितले की ते लिहिता येणार नाही. सरांना ते आवडले नसते. आयुष्यभर मिळवलेले नाव आहे त्यांचे, आता त्यांच्यामागे ते कशाला घालवायचे. अब्बासभाई उठून अंगणात गेले. ते सभ्य गृहस्थ आहेत.

ठमी रागावली नव्हती. रोज भांड्यांबद्दल बोलते त्याच आवाजात बोलली. "काकू, सरांना लाज वाटायची, ती त्यांची व्हती. आता तुमी ती झाकून ठिवताय. आमी तुमच्यापुढं रोज बसतो, आमाला वाचता येत नाय म्हनून. मग आमी काय समजायचं? ही झाकायची गोष्ट हाय?"

मी म्हटले, तसं नाही गं.

"मग कसं हाय?"

 तिने अंगठा दिला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून निघाली, आणि जाताना म्हणाली की तुमी म्हनशीला तर उद्या देते, तुमचं घर हाय. ती गेल्यावर मी तो कागद फाडला.

तेव्हापासून मी विचार केला तो थोडक्यात लिहिते. साक्षर या शब्दाचा अर्थ मला नीट सांगता येणार नाही. अण्णांच्या लेखी त्यात माणसाची किंमत होती, म्हणून वाचता येईनासे झाल्यावर आपल्यात काही उरले नाही असे त्यांना वाटले. माझ्या लेखी ते काम होते. मी जन्मभर समजत होते की वाचता येणाऱ्याचा कागदापुढे टिकाव लागतो. अण्णांचा लागला नाही. त्यांना अक्षरे सोडून गेली म्हणून नव्हे, तर मला कळले नाही, वाचून दाखवा, एवढे तीन माणसांसमोर म्हणता आले नाही म्हणून. ते म्हणता येणे हेही शिकण्यातच धरायला हवे होते. आम्ही ते कुणालाच शिकवले नाही.

म्हणून मी लिहून देते की दिवाळी २०२१ नंतर वाचनालय समितीला दिलेल्या संमतिपत्रावरची सही भालचंद्र टिपणीस यांचीच आहे. परंतु त्या वेळी त्यांना वाचता येत नव्हते, तो कागद त्यांना कुणी वाचून दाखवलेला नव्हता, आणि त्यात काय आहे हे त्यांना सही केल्यानंतर कळले. त्यामुळे ती त्यांची इच्छा नव्हती. अनुपम, तू कुणाचा शब्द मोडत नाहीस.

अण्णांना दिलेला शब्द मात्र मी मोडला. त्याबद्दल ते कुठे भेटले तर बोलतील. मी ऐकून घेईन.

कलम ८. पुढची खोली, ओटी आणि अंगण मी सईला देते. ती किंवा तिने ठरवलेले माणूस असेपर्यंत दुपारी चारला दार उघडे राहावे आणि येईल त्याचा कागद मोठ्याने वाचून दाखवला जावा, अशी माझी इच्छा आहे. सईला हे जमणार नसेल तर तिने मनाला लावून घेऊ नये. शेजारच्या अब्बासभाईंची मुलगी हुदा हिने आठवड्यातून चार दिवस बसायचे कबूल केले आहे. ती सध्याही बसते. माझा आवाज आता पुरत नाही.

वाचणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. येणाऱ्याला वाचता येते की नाही हे विचारू नये. कागद पूर्ण वाचावा, आधीच अर्थ सांगून मोकळे होऊ नये, कारण सांगणाऱ्याला जे बिनमहत्त्वाचे वाटते तेच कधी कधी ऐकणाऱ्याला हवे असते. दवाखान्याचा कागद असेल तर चारचौघांत वाचू का, हे आधी विचारावे. "म्हंजी काय" म्हटले की थांबावे. चहात साखर असावी.

जगदीशने याचा राग धरू नये. त्यालाही एखादे दिवशी येऊन बसता येईल. शांतता नसते, पण सवय होते.

कलम ९. ठमीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, पुढे वाद निघतो, असे वकीलबाईंनी सांगितले. मी ठमीला म्हटले, साक्षीला दुसरे कुणी बघते, तुला काहीतरी नीट ठेवून जाते. ती म्हणाली, "नको. मला अंगठा द्यायचाय." म्हणून जे द्यायचे ते मी जिवंतपणी हाताने दिले आहे. बंब देत होते तर गाडीत कुठे ठेवू म्हणाली. तिने भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ मागितले. ते तिच्या घरी आहे. ते आमच्याकडून चोरीला गेले असे कुणी समजू नये.

कलम १०. माझे दिवस साधेपणाने करावेत, न केले तरी चालेल. शोकसभा घेऊ नये. माझ्याबद्दल लोकांनी उठून बोलावे असे माझ्या आयुष्यात काही नाही. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सईने करावे. वाटणीत काही अडले तर अनुपमने तिचे ऐकावे. लहानपणी तो ऐकत असे.

कलम ११. हे मृत्युपत्र कुणी एकट्याने वाचून त्याचे फोटो फोनवर पाठवू नयेत. अनुपम, सई, जगदीश, अब्बासभाई, हुदा आणि ठमी यांना बसवून ओटीवर मोठ्याने वाचावे. सहावे व सातवे कलमही वाचावे, गाळू नये. त्यानंतर गावात बोलले जाईल. अण्णांचे विद्यार्थी सगळीकडे आहेत, खालापूरच्या कचेरीत आहेत, दुकानांत आहेत. कुणीतरी तुम्हा दोघांना रस्त्यात थांबवून विचारेल, सरांना म्हणे वाचता येत नव्हतं?

हो म्हणावे. शेवटची वर्षे येत नव्हते, आई वाचून दाखवायची, असे सांगावे. डोळ्यांचे नाव घेऊ नये. आणि हे सांगताना आवाज बारीक करू नये.

एवढे लिहून मी थांबते. वरचा मजकूर मी लिहिला, खाली नावे असलेल्या दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी विचारले त्याची उत्तरे दिली, आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर साक्ष घातली.

ठिकाण : दहिवली, कर्जत
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही)
प्रमोदिनी भालचंद्र टिपणीस

साक्षीदार :

१. (सही)
अब्बास इब्राहिम मुकादम, दहिवली, कर्जत

२. (डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
ठमी हिरू शिंगवा, ठाकुरवाडी
सातवे कलम दोनदा वाचून घेतले.